दादाचा दात कौलावर

आईच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर दादाच्या दातांची खूण आहे. मधल्या पेराच्या जरा वर, चंद्रकोरीसारखी, पांढुरकी. त्या खुणेचा मला जेवढा जळफळाट झालाय ना, तेवढा आयुष्यात कशाचाच नाही. आधीच सांगून टाकते, नंतर कोणी म्हणायला नको की हिने लपवलं.

कारण माझी आईच्या अंगावर एक पण खूण नाही. शोधलीय मी.

दादा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. जन्मला तेव्हा बराच वेळ रडलाच नाही, मेंदूला हवा कमी पडली, आणि मग सेरेब्रल पाल्सी, म्हणजे सीपी. बाबा कंपनीतल्या लोकांना तो शब्द एकदम रुबाबात सांगायचे, आई नुसतं म्हणायची, ‘माझ्या पोराचं अंग आखरतं.’ आम्ही कळव्याला खाडीच्या अंगाला राहायचो, कोळ्यांची कौलारू घरं, मागे बोंबील वाळत घालायच्या काठ्या. आई सकाळी दादाला पलीकडच्या मावशीजवळ ठेवून ठाण्याच्या बाजारात मासे घेऊन बसायची आणि दुपारी घरी. बाजारात आई सगळ्यांची, घरी आई दादाची. माझ्या वाटेला कधी, तर बाजारातून घरी येताना वाटेत.

लोकांना वाटतं सीपी म्हणजे हात आणि पाय. अहो, तोंड! गाल, ओठ, जीभ, जबडा, हे सगळं पण स्नायूंवरच चालतं ना? दादाची जीभ सारखी पुढे यायची, वरच्या आणि खालच्या दातांच्या मध्ये घुसायची, मग पुढचे दात एकमेकांना टेकायचेच नाहीत, मध्ये खिडकी. वरचा जबडा अरुंद आणि टाळू एवढी खोल की उलटी घातलेली होडीच. जेवला की त्या होडीत भात अडकून बसायचा. गिळायला जमायचं नाही म्हणून लाळ गळायची, दिवसाला सात-आठ लाळेरी. फिटचं औषध चालू होतं, त्याने हिरड्या सुजून दातांवर चढलेल्या. आणि दात खायचा! कालवांची शिंपली दगडावर घासावीत तसा आवाज. घासून घासून त्याचे दात वरून सपाट झालेले.

तर रोज सकाळी बाजारात जायच्या आधी आई त्याचं तोंड करायची. हा एक सोहळाच असायचा. भिंतीला टेकून बसायची, त्याला मांडीत घ्यायची, त्याचं डोकं आपल्या छातीवर, पळीच्या दांड्याला फडकं गुंडाळून ते एका बाजूच्या दाढांमध्ये आडवं, आणि दुसऱ्या बाजूने दात पुसायला ओलं फडकं धरलेलं बोट आत.

“उघर रे बाला, उघर. माझा राजा तो. हां, अस्सा.”

एकदा दांडा सटकला आणि त्याचा जबडा गपकन बंद झाला. तो मुद्दाम नव्हता चावला, त्याचं तोंड आपोआप मिटायचं. रक्त आलं. आई ओरडली पण नाही. त्याच्या गालावरून हात फिरवत बसली, तो जबडा सैल होईपर्यंत. ती ही खूण.

मी समोर उभी असायचे. हातात ब्रश. “आई, माझे पण घास ना.”

“तुना हात नाय काय गो?”

संपलं. हात होते ना मला!

दातांच्या डॉक्टरीण बाई डोंबिवलीला होत्या. बाकीचे डॉक्टर म्हणायचे, तो शांत बसायला लागला की आणा. आता तो शांत कधी बसणार, कप्पाळ? ह्या बाई मात्र खुर्चीवरून उतरून खाली सतरंजीवर बसल्या, आईने दादाला मांडीत घेतला आणि बाईंनी टॉर्च तोंडात मारला. तेव्हापासून आमच्या शनिवारी डोंबिवलीच्या वाऱ्या. पहिल्याच दिवशी त्या आईला म्हणाल्या, “तुम्ही याला सगळं मऊ कालवून देता ना? मग जबड्याला कामच नाही. काम नाही तर तो वाढणार कसा? खोबऱ्याचा तुकडा, गाजर, काहीतरी चिवट, पातळ फडक्यात बांधायचं, मागच्या दाढांमध्ये धरायचं, फडक्याचं टोक तुमच्या हातात. रोज थोडा वेळ चावू दे.”

आईने विचार केला. “डॉक्टरीण बाय, सुका बोंबील चालंल?”

बाईंच्या कपाळावर ही एवढी टिकली आणि मागे देवांचे फोटो. “चालेल,” म्हणाल्या. “फक्त इथे घेऊन येऊ नका.”

बास! त्या दिवसापासून घरातला सगळ्यात चांगला बोंबील दादाचा. जाडा, कडक, वास असा की शेजारची मांजर येऊन दारात बसायची. आई तो मलमलच्या फडक्यात गुंडाळायची आणि दादा ते एका बाजूने कचाकचा चावायचा, मग दुसऱ्या बाजूने. चावून चावून झाला की टाकून द्यायचा. टाकून! मी बघत बसायचे. मला भाकरीबरोबर शेपटाकडचे तुकडे.

डोंबिवलीला बाईंनी दादाच्या केसपेपरवर दातांचा नकाशा काढलेला. प्रत्येक दाताला खूण, कुठला आलाय, कुठल्यावर ठिपका आहे. एकदा मी धीर करून म्हटलं, “माझे पण बघा ना.” त्यांनी टॉर्च मारला. मोजून दोन सेकंद.

“छान आहेत तुझे.”

छान! माझा नकाशा नाही, काही नाही. छान म्हणजे काय, तर सरक बाजूला.

आता मूळ गोष्ट. आमच्याकडे दुधाचा दात पडला की तो शेणाच्या गोळीत घालून कौलावर फेकायचा. आणि आईनेच फेकायचा, म्हणजे नवा दात सरळ येतो. माझा पहिला दात पडला तेव्हा आई दादाला घेऊन डोंबिवलीला गेलेली. बाबांनी फेकला. तो पण नुसता, शेण न लावता. “जा गो, झाला तुझा दात,” म्हणाले आणि पेपर वाचायला बसले. आणि माझा नवा दात आला तो तिरका. आडवाच म्हणा ना. आरशात बघितलं की मला एकच दिसायचं: हा दात आईने फेकला नाही.

मी दुसरीत गेले तोपर्यंत माझे चार दात पडलेले. दादा नऊ वर्षांचा झाला तरी त्याचा एक पण नाही. बाई म्हणाल्या, अशा मुलांचे दात कधी कधी उशिराच पडतात आणि उशिराच येतात, घाबरू नका. आणि मग एका शनिवारी त्यांनी दादाचा खालचा पुढचा दात बोटाने हलवून बघितला आणि म्हणाल्या, “हं. हलतोय.”

आईचा चेहरा! जसं काही होडी पापलेटांनी भरून आलीय.

पण बाई हसत नव्हत्या. “नीट ऐका. अजून मूळ घट्ट आहे, म्हणून आज ओढत नाही. पुढच्या शनिवारी मीच काढते. पण त्याला थुंकता येत नाही, खोकला पण कमजोर आहे. मधेच आपोआप पडला तर पोटात गेला तर गेला, काही होत नाही. श्वासाच्या नळीत जायला नको. म्हणून दात पडला तर तो हातात मिळाला पाहिजे. नाही मिळाला तर सरळ हॉस्पिटल, छातीचा फोटो.”

मग काय! तो आठवडा आमच्या घरात फक्त तो एक दात होता. आई दर जेवणानंतर त्याला बोटाने टकटक करून बघायची. बाबा कंपनीतून आले की चप्पल काढायच्या आधी विचारायचे, “हाय का अजून?” पलीकडची मावशी ओट्यावरून ओरडायची, “परला काय गो पोराचा दात?” आणि आई, माझी आई, तबेल्यात जाऊन ताजं शेण घेऊन आली. करवंटीत ठेवलं. वर ओलं फडकं, सुकायला नको म्हणून. दात पडायच्या आधीच शेण तयार!

मी त्या करवंटीकडे बघितलं आणि ठरवलं, आता हिला माझ्याकडे पण बघायला लावायचं.

मी पण ट्राय केलं, नाही असं नाही. “आई, माझी दाढ हलते.” हलत नव्हती. मग एकदा खोटा खोटा खोकला काढला. मग एकदा तर जमिनीवर पडून अंग कडक केलं, दादाला फिट येते तसं. आई धावत आली, माझ्या डोळ्यांत बघितलं, तिला कळलं, आणि पाठीत असा धपाटा बसला की विचारू नका. “असला खेल करतंस? असला?” त्या दिवसापासून मी घरातली खोटारडी.

शुक्रवार दुपार. आई बाजारातून आलेली, बाबा ड्युटीवर. दादाला मांडीत घेऊन भरवत होती, भात आणि बोय मासा. बोयला काटे किती ते खाणाऱ्याला माहीत. आईची पद्धत अशी: मासा आधी बोटांनी चिवडायचा, काटे ताटाच्या कडेला. मग घास. आणि मधे मधे दादाच्या गालात, टाळूच्या होडीत बोट फिरवून जे काय अडकलं असेल ते काढायचं, चुकलेला काटा पण, आणि न बघता ताटाच्या कडेला टिचकवायचं. न बघता! तिची बोटंच बघायची. नऊ वर्षं ती हे करत होती.

तेवढ्यात मावशी दारात आली, बाजारातल्या जागेवरून कोणाची तरी भांडणं झालेली ते सांगायला. आई तिच्याशी बोलता बोलता भरवत होती. जेवण झालं. माझं काम म्हणजे काट्यांचं ताट मागे नेऊन मांजरीला घालायचं. मी नेलं. मांजर पायात घुटमळतेय, मी ताट खाली ठेवणार, आणि काट्यांमध्ये दात.

एवढुसा. पिवळसर. वरून सपाट, मागच्या बाजूला तपकिरी ठिपका.

आता मी ओरडायला पाहिजे होतं. मला माहीत होतं. पण मला दिसलं पुढे काय होणार ते: आई नाचणार, मावशी नाचणार, बाबा पेढे आणणार, आणि आई स्वतःच्या हाताने करवंटीतलं शेण घेणार. आणि माझा दात आरशात आडवा.

मी मांजरीला काटे घातले. दात धुतला. आत जाऊन गुपचूप करवंटी उचलली, शेणाची गोळी केली, दात आत दाबला आणि मागच्या अंगणात येऊन फेकला कौलावर. टप्प आवाज आला. मी डोळे मिटून म्हटलं, ‘माझा सरळ होऊ दे.’ म्हटलं, हा दात आईने वाट बघितलेला दात आहे, ह्याची पॉवर जास्त असणार.

आणि आतून आईची किंकाळी.

टकटक करायला बोट घातलं होतं तिने. बोटाला दात नाही, रक्त.

“कुठं गेला? दात कुठं गेला गो!” तिने ताट शोधलं, ताट मांजरीने चाटून लख्ख. लाळेरं झटकलं, लुगड्याच्या घड्या झटकल्या, जमीन हाताने चाचपली. दादा तिची घाबरगुंडी बघून अंग आखडायला लागला आणि खोकला. तो तसाही दिवसातून दहादा खोकायचा. पण त्या वेळचा खोकला ऐकून आईने त्याला उचललं, नऊ वर्षांचा पोरगा कमरेवर, आणि धावत सुटली. मावशीने मला ढकललं, “जा गो बरोबर!” मी अनवाणी मागे.

रिक्षात आई त्याला सरळ बसवून घट्ट धरून होती. “श्वास घे रे बाला. घे.” मी कोपऱ्यात. आणि खरं सांगते, पुलावर असताना पण माझ्या मनात पहिलं काय आलं? की मी असे खोकले असते तर हिने मला असं धरलं असतं का. मग दुसरं आलं की सांगायला पाहिजे. मग तिसरं आलं की आता सांगितलं तर ती मला रिक्षातून खाली टाकेल.

ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात एका तरुण डॉक्टरांनी दादाची छाती तपासली, पुढून, मागून. “हवा दोन्ही बाजूंना नीट जातेय,” ते म्हणाले. “पण दात सापडला नाही म्हणता, तर फोटो काढायलाच हवा. आणि हा असा ताठरला तर फोटो येणार नाही. झोपेचं इंजेक्शन द्यावं लागेल.”

आई एकदम खाली बसली. लहानपणी एकदा अशा इंजेक्शननंतर दादा इतका वेळ उठला नव्हता की बाबा बाहेर भिंतीला डोकं टेकून रडलेले, हे मला पण ठाऊक होतं. आई स्वतःच्या बोटाकडे बघत होती. त्याच बोटाकडे, खूण असलेल्या.

“मीच ढकलला,” ती म्हणाली. डॉक्टरांना नाही, कोणालाच नाही. “बोलायच्या नादात होते. ह्याच बोटानं मी आत ढकलला.”

तेव्हा माझं तोंड उघडलं. “आई, दात कौलावर हाय.”

“गप बस.”

“खरंच! मी फेकला.”

“गप बस गो! आज तरी खोटं नको बोलू!”

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. माझी फाटली होती, पण मी बोलत सुटले, “काट्यांत होता. शेणात घालून फेकला. करवंटीतल्या. बघ जाऊन, वरचं फडकं बाजूला आहे. वरून सपाट होता आणि मागं तपकिरी ठिपका, खाली, हिरडीजवळ.”

आई थांबली.

तो ठिपका पुढून दिसायचा नाही. तो घरात फक्त तिला माहीत होता, कारण रोज सकाळी ती तिथे फडकं फिरवायची. आणि मला, कारण रोज सकाळी मी समोर उभी राहून बघायचे.

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं, परत एकदा छाती ऐकली. “जवळच राहता ना? मुलगा इथे सिस्टरांजवळ बसेल, लक्ष ठेवतो आम्ही. दात घेऊन या. बघतो, मग ठरवू. पण लगेच.”

आणि आई दादाला सोडून निघाली. दादाला सोडून! बाजार सोडला तर, माझ्या आठवणीत पहिल्यांदा. माझं मनगट तिच्या मुठीत, असं आवळलेलं की बांगडी रुतली. परतीच्या रिक्षात आम्ही दोघीच. आई आणि मी. ती समोर बघत होती. आणि मी, आता लाज वाटते सांगायला, खूश होते. घाबरलेले, चड्डीत मुतायच्या बेतात, आणि खूश. तिचा हात फक्त माझ्याकडे होता.

घरी आल्यावर ती सरळ मागे गेली. कासोटा घट्ट केला, बोंबलाच्या काठीवर पाय ठेवून पत्र्याच्या पडवीवर, पडवीवरून कौलावर. दोन कौलं फुटली. “कुठं फेकलास?”

“त्या तिथं! वरती! डावीकडं!”

गोळी चिकटलेली होती कौलाच्या पन्हळीत. आईने फोडली. दात उन्हात धरून उलटा केला, ठिपका बघितला, आणि तिथेच वर, कौलावर, बसून रडली. मी खालून बघत होते. मग तिने पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, “कला केलंस गो, कशाला?”

“माझा दात तू नाय फेकलास म्हणून.”

“कवा?”

तिला आठवतच नव्हतं. मी तिला माझा आडवा दात दाखवला, ओठ वर करून, अंगणातून. ती वरून बघत राहिली. उतरली, मला एक थोबाडीत मारली, जोरात, आणि परत मनगट धरून रिक्षा.

डॉक्टरांनी दात बघितला आणि फोटो लागला नाही. दादाला घेतलं तेव्हा तो आमच्याकडे बघून हसला, खिडकीत आता अजून एक खिडकी. दुसऱ्या दिवशी डोंबिवलीच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि नियम केला: जेवणानंतर ताट मांजरीला घालायच्या आधी काटे मी चाळायचे. एक एक. दादाचे पुढचे जवळजवळ सगळे दुधाचे दात माझ्या हाताखालून गेले. आई शेण लावायची आणि फेकायची. मी फक्त शोधून द्यायचे. ह्याचा पण मला राग यायचा, पण कमी.

आणि सोमवारी सकाळी काय झालं, तर दादाचं तोंड करून झालं, त्याला बाजूला टेकवून बसवलं, आणि आई माझ्याकडे वळली.

“ये. उघर तोंड.”

मी गेले. ती मांडीत नाही घेऊ शकली, माशांची पाटी घेऊन निघायचं होतं, पण हनुवटी धरली आणि बोट आत घातलं. तेच बोट. सुक्या बोंबलाचा आणि मिठाचा वास. एका बाजूने सुरू केलं, प्रत्येक दातावरून फिरवत, तिरक्या दातापाशी थांबली, अंगठ्याने जरासा दाबून बघितला.

आणि मी चावले. सगळा जोर लावून.

“आय गो! कुत्री हायस काय!” एक चापटी बसली. पण ती हसत होती. दादा पण हसायला लागला, लाळ गाळत, अंग वाकडं करून. तिने बोट उजेडात धरलं. माझे दात उमटलेले, वरची रांग नीट आणि मध्ये तो एक आडवा, अगदी दादाच्या खुणेला लागून.

दुपारी ती बाजारातून आली तशी मी धावत जाऊन तिचा हात ओढून बघितला. माशांच्या पाण्याने बोटं पांढरी पडलेली. माझी खूण गेलेली होती.

दादाची होती.